कॉलफील्ड ते डँडेनाँग: नऊ फाटकं एकदम काढली तेव्हा काय झालं

मेलबर्नच्या आग्नेय बाजूला कॉलफील्ड ते डँडेनाँग असा उपनगरी रेल्वेचा एक पट्टा आहे. त्यावर २०१६ साली नऊ रेल्वे फाटकं शिल्लक होती आणि २०१८ संपायच्या आत नऊच्या नऊ गेली. सगळीकडे रस्ता जिथल्या तिथे राहिला आणि रेल्वे वर उचलली, पाच स्टेशनं नव्याने बांधली, खर्च १.६ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर. या कामावरून मधली दोन-अडीच वर्षं जोरदार भांडण झालं, लोक रस्त्यावर आले, कोर्टात गेले.

हे प्रकरण पूर्ण लिहून काढावंसं वाटलं कारण फाटक काढायचा विषय निघाला की सगळे एकेका फाटकाबद्दल बोलतात, इथे पूल करा, तिथे भुयारी मार्ग करा, असं. पण उपनगरी लाईनवर हिशोब फाटकाचा नसतोच, तो लाईनचा असतो, आणि जिथे लाईन म्हणून विचार झाला नाही तिथे पुढे त्रास होतो. या एका प्रकरणात दोन्ही गोष्टी बघायला मिळतात.

आधी लाईन कशी आहे ते. पॅकनहॅम आणि क्रॅनबर्न अशा दोन उपनगरी लाईन डँडेनाँगला एकत्र येतात आणि तिथून शहराकडे एकाच जोडी ट्रॅकवरून जातात. त्याच दोन ट्रॅकवर पूर्वेकडच्या गिप्सलँड भागातून येणाऱ्या लांबच्या डिझेल गाड्या, त्यावरच मालगाड्या. म्हणजे सगळ्या स्टेशनांवर थांबत जाणारी गाडी, काही स्टेशनं सोडून जाणारी गाडी, एकदम सरळ जाणारी गाडी आणि संथ मालगाडी, सगळ्या त्याच दोन रुळांवर. नऊ फाटकांचे रस्ते म्हणजे ग्रेंज रोड, कूर्नँग रोड, मरंबीना रोड, पोथ रोड, मग थोडं पुढे क्लेटन रोड आणि सेंटर रोड, आणि डँडेनाँगच्या अलीकडे नोबल पार्कमध्ये कॉरिगन रोड, हेदरटन रोड, चँडलर रोड. म्हणजे चार, दोन आणि तीन असे तीन गट. ही गटांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच फिरतं.

सकाळच्या गर्दीच्या दोन तासांत यातली काही फाटकं प्रत्येकी एकूण तासाभराहून जास्त वेळ बंद असायची. ऐकायला अतिशयोक्ती वाटते, पण कसं होतं ते समजून घेतलं की पटतं. फाटक गाडी आल्यावर पडत नाही, गाडी बऱ्याच अंतरावर असतानाच ट्रॅकमधलं सर्किट तिची दखल घेतं, घंटा आणि दिवे सुरू होतात, मग दांडा खाली येतो. हे अंतर ठरवावं लागतं सगळ्यात वेगवान गाडीच्या हिशोबाने, कारण तीही सुरक्षित जायला हवी. मग संथ गाडी त्याच ठिकाणी आली तरी फाटक तेव्हाच पडणार आणि ती गाडी रमतगमत येईपर्यंत पडूनच राहणार. त्यात स्टेशन फाटकाला चिकटून असेल तर एका दिशेची गाडी आधी प्लॅटफॉर्मवर थांबते, लोक चढतात उतरतात, आणि पुष्कळ ठिकाणी तेवढा वेळही फाटक बंदच. हे एका दिशेचं झालं. समजा तासाला एका बाजूने १५ आणि दुसऱ्या बाजूने १५ गाड्या आहेत, म्हणजे दर दोन मिनिटांना कुठून तरी एक गाडी येतेय. एका गाडीला मिनिटभर फाटक बंद धरलं तरी अर्धा तास गेला, आणि एक गाडी गेली म्हणून दांडा उचलणार तेवढ्यात समोरून दुसरी सर्किटवर आली की तो उचलतच नाही. रांगेतल्या गाडीवाल्याला वाटतं फाटक अडकलंय. अडकलेलं नसतं, ते आपलं काम बरोबर करत असतं.

यातून जी कोंडी होते ती फक्त रस्त्याची नाही. रेल्वेला जास्त गाड्या सोडायच्या असतात, शहर त्या दिशेने वाढतंय, गाड्यांत जागा नाही, पण एक जास्तीची गाडी म्हणजे नऊ ठिकाणी आणखी एक मिनिट रस्ता बंद. मग टाईमटेबल करणारा माणूस आणि रस्त्यावरचा माणूस एकमेकांचे शत्रू होऊन बसतात, दोघांचीही चूक नसताना. क्लेटन रोडचं उदाहरण सगळ्यात जिव्हारी लागणारं आहे. याच रस्त्यावर, रेल्वेच्या उत्तरेला थोड्या अंतरावर मोनॅश मेडिकल सेंटर हे मोठं हॉस्पिटल आहे, म्हणजे दक्षिणेकडून क्लेटन रोडने येणारी ॲम्ब्युलन्स आधी फाटकाशी येणार. दांडा खाली असेल तर सायरन वाजवत उभं राहायचं नाहीतर लांबून वळसा घालायचा, तिसरा मार्ग नाही. खर्च-फायद्याच्या तक्त्यात ही गोष्ट प्रवासाच्या वेळेतली बचत म्हणून एका ओळीत येते. मला ती पद्धत कधीच पटलेली नाही, कारण त्या मिनिटांची किंमत बाकीच्या मिनिटांसारखी नसते.

आता थोडं मागे. या लाईनवर फाटक काढायची ही पहिली वेळ नव्हती. मधल्या स्प्रिंगव्हेल स्टेशनजवळचं फाटक २०१४ मध्ये काढलं होतं आणि तिथे रेल्वे खाली नेली, म्हणजे खोल खंदक खणून स्टेशनही खाली आणि रस्ता वरून सपाट. काम चांगलं झालं. त्याच वर्षी मार्चमध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या (मेलबर्न याच राज्यात येतं) तेव्हाच्या डेनिस नॅपथाईन सरकारने एका खाजगी गटाकडून आलेल्या प्रस्तावावरून या कॉरिडॉरची मोठी योजना जाहीर केली, त्यात नव्या गाड्या होत्या, नवी सिग्नल यंत्रणा होती आणि नऊपैकी फक्त चार फाटकं होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये सरकार बदललं. डॅनियल अँड्र्यूज यांच्या पक्षाने निवडणुकीत शब्द दिला होता की मेलबर्नमधली ५० फाटकं ८ वर्षांत काढू. २०१५ मध्ये जुनी योजना रद्द झाली आणि तिच्या जागी नऊच्या नऊ फाटकं आणि जास्त क्षमतेच्या नव्या गाड्या असा कार्यक्रम आला. फाटकांच्या कामासाठी वेगळी संस्थाही त्याच वर्षी उभी केली, लेव्हल क्रॉसिंग रिमूव्हल ऑथॉरिटी.

चारऐवजी नऊ, हा बदल आकड्यापुरता वाटतो पण माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तोच. चारच काढली असती तर उरलेल्या पाचांवर बंदचा वेळ वाढतच गेला असता, कारण नव्या गाड्या तर सुटणारच होत्या. आणि जास्तीच्या गाड्या किती सोडायच्या हे शेवटी उरलेल्या सगळ्यात वाईट फाटकावर ठरलं असतं. नवी गाडी ७ डब्यांची, साधारण १६० मीटर लांब, तिच्यासाठी प्लॅटफॉर्मही तेवढे हवेत. अर्ध्या लाईनवर ती सोय आणि अर्ध्यावर नाही, असं चालत नाही.

मग वर की खाली?

लोकांच्या डोक्यात खालीच होतं. स्प्रिंगव्हेलला खाली नेलेली, शेजारच्या फ्रँकस्टन लाईनवर ऑर्मंड, मकिनन आणि बेंटली या तीन स्टेशनांनाही खाली नेणार हे ठरलेलं, मग आमच्या इथेही तसंच होणार असं पहिल्या चार फाटकांजवळच्या कार्नेगी-मरंबीनाच्या लोकांनी धरून चालणं अगदी साहजिक होतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारने जाहीर केलं की या लाईनवर रेल्वे उंच खांबांवरून जाणार.

भांडणाकडे वळण्याआधी चढाचं गणित बघू, कारण ते न बघता कोण बरोबर कोण चूक हे कळतच नाही. मोटार ६-७ टक्के चढ सहज चढते. रेल्वेला, त्यातही जिच्यावर मालगाड्या चालतात अशा लाईनवर, २ टक्क्यांच्या आसपासच राहावं लागतं. आता खालून ट्रक जाईल एवढी मोकळी उंची आणि त्यावर गर्डरची जाडी धरली तर रुळ साधारण ८ मीटर वर न्यावे लागतात. २ टक्क्यांनी ८ मीटर चढायला ४०० मीटर लागतात, उतरायला पुन्हा ४००, शिवाय चढ सुरू होताना आणि संपताना जी हळूहळू वळणारी उभी गोलाई द्यावी लागते ती वेगळी, आणि प्लॅटफॉर्मचा भाग तर जवळपास सपाटच पाहिजे. खाली नेतानाही आकडे तसेच, वरच्या विजेच्या तारेसाठी उंची लागते म्हणून खोली कमी होत नाही. आता ग्रेंज रोड ते पोथ रोड हा पट्टा बघा, काही थोड्या किलोमीटरात चार फाटकं आणि तीन स्टेशनं, कार्नेगी, मरंबीना, ह्यूजडेल. एक फाटक ओलांडून गाडी खाली उतरेपर्यंत पुढचं फाटक आलेलं असतं. म्हणजे चारही एकत्रच घ्यायला हवीत, सलग वर किंवा सलग खाली. एकाचं काम आत्ता आणि शेजारच्याचं दहा वर्षांनी असं इथे जमतच नाही, कारण पहिल्याचा उतार दुसऱ्याच्या अंगावर येतो.

तिसरा पर्याय म्हणजे रस्ता वर उचलायचा, रेल्वेला हात नको. खर्चाला बरा, पण कूर्नँग रोड आणि क्लेटन रोड या दोन्ही ठिकाणी रेल्वेच्या दोन्ही बाजूंना फाटकापर्यंत दुकानं लागलेली. ६ टक्क्यांनी ८ मीटर चढायचं तर प्रत्येक बाजूला १३० मीटरच्या वर चढ हवा, तेवढ्या लांबीत दुकानांच्या पहिल्या मजल्यासमोर भिंत उभी राहणार, गल्ल्यांची तोंडं बंद होणार आणि पायी चालणाऱ्याला रुळ ओलांडण्यासाठी डोंगर चढावा लागणार. बाजाररस्त्यावर हा पर्याय वापरणं म्हणजे फाटकापेक्षा वाईट अडथळा बांधणं. मोकळ्या जागेतल्या हमरस्त्याला तो ठीक आहे, इथे नाही.

तर उरतात दोन. सलग खंदक किंवा सलग उंच मार्ग. खंदकाच्या बाजूने मुद्दे खरे आहेत, डोळ्यांना दिसत नाही, आवाज भिंतीत अडकतो, शेजारच्या घराच्या परसात प्रवाशांची नजर जात नाही. पण खंदक खणायचा कुठे? चालू रुळांच्या खालीच, कारण जमिनीची पट्टी अरुंद आणि दोन्ही बाजूंना घरं. तिथे आडवी जाणारी ड्रेनेजची, पाण्याची, गॅसची प्रत्येक लाईन आधी हलवावी लागते. दोन्ही बाजूंना भिंतीसाठी ओळीने पाईल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे खांब, टाकायचे, मग रुळ उचलायचे आणि माती काढायची, आणि तेवढ्या काळात गाडी बंद. फ्रँकस्टन लाईनवरच्या त्या तीन स्टेशनांसाठी २०१६ च्या मध्यावर सलग पाच आठवड्यांच्या आसपास ब्लॉक घ्यावा लागला होता, प्रवासी बसने. डँडेनाँगच्या लाईनवर गर्दी जास्त, त्यात गिप्सलँडच्या गाड्या आणि मालगाड्या, ज्यांना दुसरी वाटच नाही. आणि खंदक झाल्यावरही माणसाला रेल्वे ओलांडता येते ती फक्त जिथे वरून पूल आहे तिथेच, बाकी लांबीभर कुंपण तसंच राहतं. उंच मार्गाच्या खालून मात्र कुठूनही जाता येतं. माझ्या दृष्टीने हा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे. गाव दोन तुकड्यांत विभागलंय ते फाटकामुळे नाही, रुळांमुळे. फाटक ही तर त्या भिंतीतली एकुलती एक खिडकी होती.

म्हणून इंजिनियरिंगच्या बाजूने बघितलं तर निवड मला योग्यच वाटते. पण ती लोकांपर्यंत ज्या पद्धतीने आली ती योग्य नव्हती, आणि हे ‘कामात होतंच थोडंफार’ म्हणून सोडून देण्यासारखं नाही.

आधी चर्चा झाल्या नव्हत्या असं नाही, लोकांना बोलावून तुम्हाला काय हवं वगैरे विचारलं गेलं होतं. पण वर नेणार हे स्पष्ट चित्र जेव्हा समोर आलं तेव्हा निर्णय झालेला होता. ज्याच्या परसाला लागून आजवर सपाट रुळ होते त्याला एका सकाळी कळतं की आता गाडी आपल्या छपराच्या उंचीवरून जाणार, सावली पडणार, खिडकीतून आत दिसणार, घराची किंमत काय होणार माहीत नाही. त्या माणसाला चढाचं गणित सांगायला कोणी आधी गेलं नव्हतं. ‘नो स्काय रेल’चे, म्हणजे उंचावरची रेल्वे नको असे, फलक घराघरावर लागले, सभा झाल्या, विरोधी पक्षाने मुद्दा उचलला. रहिवाशांचा एक गट व्हिक्टोरियाच्या सुप्रीम कोर्टात गेला, तरी काम थांबलं नाही. रुळाला अगदी लागून असलेल्या काही घरमालकांना ऐच्छिक खरेदीचा पर्याय दिला, म्हणजे नको असेल तर सरकार घर विकत घेईल, आणि काहींना कुंपण, झाडं, पडदा-भिंती यासाठी मदत. हे चांगलं होतं, पण घोषणेच्या आधी जाऊन सांगितलं असतं तर ती भरपाई न वाटता सौदा वाटला असता. शेजारच्या लाईनला खंदक आणि आम्हाला खांब, याचं उत्तर तांत्रिक होतं आणि सांगण्यासारखं होतं. ते वेळेत दिलं नाही म्हणून लोकांनी स्वतःचं उत्तर तयार केलं, की आमच्या भागात पैसे वाचवले. एकदा ते मनात बसलं की पुढचा प्रत्येक खुलासा सारवासारव वाटतो.

एप्रिल २०१६ मध्ये ठेका दिला गेला. अलायन्स पद्धतीचा, म्हणजे बांधकाम कंपन्या, डिझाईन करणारे, रेल्वे चालवणारी कंपनी आणि सरकारी संस्था एकाच टीममध्ये बसतात आणि जोखीम वाटून घेतात. चालू लाईनवरच्या कामाला ही पद्धत बसते, कारण कधी ब्लॉक मिळेल आणि कधी नाही हे ठरवणारा माणूस बाहेरचा राहिला तर ठेकेदार आणि रेल्वे पत्रव्यवहारातच वर्ष घालवतात.

प्रत्यक्ष बांधकाम बघण्यासारखं होतं. दोन्ही ट्रॅकसाठी दोन वेगवेगळे सडपातळ मार्ग, मध्ये फट, म्हणजे खाली उजेड आणि पाऊस पोचतो. रुंद एकसंध छप्पर असतं तर खाली कायमची काळोखी जागा झाली असती आणि तिथे झाड जगलं नसतं. गर्डर यू आकाराचे, कारखान्यात ओतलेल्या तुकड्यांचे, रुळ त्या यूच्या आत, त्यामुळे कडा थोडीफार आवाज अडवते आणि एकूण उंचीही आटोक्यात राहते. हे तुकडे उचलायला रुळांच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे राहणारे अवाढव्य गँट्री क्रेन आणले होते. खालून गाड्या चालू आणि वर नवी लाईन जोडली जातेय, असं पट्ट्यापट्ट्याने काम पुढे सरकलं. ब्लॉक लागलेच नाहीत असं नाही, बरेच लागले, रात्रीचे, शनिवार-रविवारचे, काही सलग कित्येक दिवसांचे, आणि ज्यांच्या घराशेजारी रात्रभर क्रेन चालली त्यांची ती वर्षं वाईट गेली. पण सगळी लाईन एका दमात महिनोन्महिने बंद ठेवायची वेळ आली नाही.

२०१८ मध्ये टप्प्याटप्प्याने गाड्या वर गेल्या, आधी नोबल पार्क, मग क्लेटन, मग कार्नेगीकडचा पट्टा. फाटकांचे दांडे काढले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निवडणूक झाली आणि अँड्र्यूज सरकार आधीपेक्षा जास्त जागा घेऊन परत आलं. यावरून विरोध खोटा होता असं काहीजण म्हणतात, मला ते चुकीचं वाटतं. एका मतदारसंघात हजारो लोक रोज फाटकातून जातात आणि फार थोडे लोक खांबाशेजारी राहतात, मतांची बेरीज कुणाच्या बाजूने जाणार हे उघड आहे. त्या थोड्यांचं नुकसान बेरजेने नाहीसं होत नाही.

खालच्या जमिनीचं काय झालं? सरकारने २२.५ हेक्टर मोकळी जागा मिळेल असं सांगितलं होतं, त्यात बागा, खेळायच्या जागा, बास्केटबॉलचे कोर्ट, स्टेशनखालची चौकवजा जागा असं सगळं धरून. कॉलफील्डपासून डँडेनाँगपर्यंत पायी आणि सायकलने जाता येईल असा सलग मार्गही झाला, जेरिंग ट्रेल नावाचा. मोकळी जागा म्हणजे आपोआप चांगली जागा असं मात्र नसतं. जिथे स्टेशन आणि दुकानं जवळ आहेत तिथे माणसं बसतात, मुलं खेळतात. जिथे दोन स्टेशनांच्या मध्ये नुसते खांब आणि झुडपं आहेत तिथे संध्याकाळनंतर जाणं कुणाला नकोसं वाटलं तर नवल नाही. दिवे, झाडांचं पाणी, भिंतींवरची रंगरंगोटी पुसणं, हे दर वर्षीचं काम आणि दर वर्षीचा खर्च आहे, तो कोण करणार हे खांब उभे राहायच्या आधी कागदावर आलं पाहिजे. बांधकामाच्या बजेटमध्ये बाग बसवता येते, तिची देखभाल बसत नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये, म्हणजे काम ऐन भरात असताना, व्हिक्टोरियाच्या ऑडिटर-जनरलचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा, संपूर्ण ५० फाटकांच्या कार्यक्रमावरचा अहवाल आला. सुरुवातीचा अंदाज ५ ते ६ अब्ज डॉलरचा होता, तो ८.३ अब्जांवर गेला होता. आणि त्याहून गंभीर आक्षेप असा की पूर्ण कार्यक्रमाचा बिझनेस केस, म्हणजे हे काम का करायचं याचा खर्च-फायद्याचा कागद, २०१७ मध्ये तयार झाला, तोपर्यंत कामं सुरू होऊन बसली होती, आणि ५० ची यादी निवडणुकीच्या जाहीरनाम्यातून आलेली, त्यामुळे ती सगळी फाटकं शहरातली सगळ्यात धोकादायक आणि सगळ्यात गर्दीची आहेत असं नव्हतं.

या आक्षेपाचा पहिला भाग मला शंभर टक्के मान्य आहे. एवढ्या पैशाचं काम आधी सुरू करायचं आणि त्याचं कारण नंतर लिहून काढायचं हे बरोबर नाही, काम कितीही चांगलं असो. दुसऱ्या भागाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. धोका आणि गर्दी यांचे गुण देऊन शहरभरातल्या फाटकांना क्रमांक लावले आणि वरून एकेक उचललं तर यादी न्याय्य दिसते, पण काम मोडून पडतं. क्लेटन रोड वरच्या क्रमांकात येईल, सेंटर रोड कदाचित खूप खाली. पण ते एकाच गटातले शेजारी आहेत, क्लेटनचा चढ-उतार सेंटर रोडला टाळून पूर्ण होत नाही. पोथ रोडला गुण कमी मिळाले म्हणून मागे ठेवला असता तर मरंबीनाचा मार्ग उतरवायचा कुठे? क्रमवारी लावायची असेल तर गटांची लावा, लाईनच्या तुकड्यांची लावा.

आणि हे या लाईनवर किती महत्त्वाचं आहे ते तिथे गाडीत बसून कळतं. कॉलफील्डहून निघाल्यावर गाडी कार्नेगीला वर चढते, ओकलीला जमिनीवर येते, क्लेटनला परत वर, वेस्टॉलला खाली जमिनीवर, स्प्रिंगव्हेलला जमिनीच्याही खाली, मग वर येऊन नोबल पार्कला पुन्हा खांबांवर आणि डँडेनाँगला जमिनीवर. ओकली, वेस्टॉल वगैरे ठिकाणी रस्ते आधीच वेगळे झाले होते म्हणून तिथे खाली यावं लागलं, ते समजू शकतो. पण स्प्रिंगव्हेलचा खंदक आणि त्याच्या पलीकडचा नोबल पार्कचा उंच मार्ग यांत फक्त चार वर्षांचं अंतर आहे. स्प्रिंगव्हेलचा निर्णय झाला तेव्हा पुढच्या तीन फाटकांचं काय करायचं हा प्रश्न कुणी त्याच टेबलावर ठेवला असता तर तो भाग वेगळा बांधला गेला असता का, हे विचारायला हवं होतं. इलेक्ट्रिक गाडीला असे चढ-उतार झेपतात, वजनदार मालगाडीला प्रत्येक चढाला जास्तीचं डिझेल जाळावं लागतं आणि वेग पडतो, आणि तिच्या मागच्या लोकलचाही पडतो.

पुढे काय झालं तर कार्यक्रम वाढत गेला, ५० चे ७५ झाले, मग ८५, मग २०३० पर्यंत ११० असं लक्ष्य ठरलं. वर की खाली हे नंतर जागा बघून ठरायला लागलं. फ्रँकस्टन लाईनच्या समुद्रकाठच्या भागात कॅरमला गाडी वर गेली, तर एडिथव्हेल आणि बॉनबीचला खाली, आणि तिथे पाणथळ जागा आणि भूजलाचा प्रश्न असल्यामुळे आधी पर्यावरण परिणामांचा सविस्तर अभ्यास झाला. शेवटचा मोठा फायदा मिळायला बराच काळ जावा लागला. शहराखालून जाणारा मेट्रो टनेल नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस सुरू झाला आणि डँडेनाँगकडच्या याच गाड्या त्यातून जाण्यासाठी ठरवलेल्या होत्या. नऊ फाटकं जागेवर असती तर टनेलने दिलेली जास्तीच्या गाड्यांची क्षमता कूर्नँग रोडच्या दांड्यापाशी येऊन अडली असती.

एक प्रश्न मात्र फाटकं गेल्याने सुटलेला नाही, तो म्हणजे चार ट्रॅकचा. लोकल, गिप्सलँडच्या लांबच्या गाड्या आणि मालगाड्या अजूनही त्याच दोन रुळांवर आहेत, थांबत जाणाऱ्या गाडीच्या मागे लांबची गाडी आजही अडकते. उंच मार्गाची योजना आली तेव्हाच वाहतुकीच्या अभ्यासकांनी विचारलं होतं की पुढे दोन ट्रॅक वाढवायचे झाले तर कुठे वाढवणार, आणि सरकारने सांगितलं होतं की जागा राखली आहे. जागा असेलही. पण आता त्या जागेवर खांबांच्या बाजूने सायकलमार्ग आहे, झाडं लागलीत, आणि ती झाडं हे तिथल्या लोकांना खांबांच्या बदल्यात मिळालेलं आहे. स्प्रिंगव्हेलला तर खंदकाच्या भिंती आहेत, तिथे जास्तीचे ट्रॅक म्हणजे नव्याने खोदकाम. ज्या दिवशी दोन जास्तीचे ट्रॅक मागितले जातील त्या दिवशी २०१६ मधल्या त्याच घरांसमोर पुन्हा जावं लागणार आहे, आणि या वेळी नकाशा ठरायच्या आधी जावं लागेल.